कारवीच्या वर्षी रतनगड ते हरिश्चंद्रगड

पाच दिवसांची ही वाट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली, हस्त नक्षत्र लागतानाची. कारवी, म्हणजे काही वर्षांनी एकदाच डोंगरभर फुलणारं सह्याद्रीतलं झुडूप, पाहायला लोक सहसा पंधरा दिवस आधी येतात, डोंगर पुरता जांभळा असताना. त्या दिवसांत फोटो उत्तम मिळतात, पण झुडूप अर्धंच कळतं. हस्तात कणसाच्या टोकाला अजून फुलं असतात आणि बुडाशी चीक सुटायला लागलेला असतो. कारवीचा वास या चिकाचा. फुलाला वास जवळजवळ नाहीच.

निघण्याआधी वर्षाचा हिशोब करावा लागतो. कारवी सात वर्षांनी फुलते असं काही जण म्हणतात, काही जण आठ म्हणतात, आणि दोघंही बरोबर असतात. समजा एखाद्या उतारावर २०१६च्या पावसाळ्यात फुलं आली. बी तयार झालं तरी ते बोंडातच राहतं आणि २०१७च्या जूनमध्ये, पहिल्या पावसाला बाहेर पडतं. म्हणजे रोपाचा पहिला पावसाळा २०१७चा. सात पावसाळे ते नुसतं वाढतं आणि आठव्या पावसाळ्यात, २०२४ला, फुलतं. वाढीची वर्षं मोजली तर सात, एका फुलोऱ्यापासून दुसऱ्या फुलोऱ्यापर्यंत मोजलं तर आठ. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ अशीच फुलली. पण हे वर्ष साऱ्या सह्याद्रीला लागू पडत नाही. शेजारच्या दोन डोंगरांची वर्षं वेगळी असू शकतात, इतकंच काय, एका खिंडीच्या दोन बाजूंचीही. म्हणून ज्या गावातून चढायचं तिथल्या माणसांना एवढंच विचारावं, "मागच्या खेपेला कारवी कधी फुलली होती?" आणि उत्तरात आठ मिळवावे. शे-दोनशे झुडपं वर्षभर मागं-पुढं फुलतातच. त्यांच्यावरून अंदाज बांधला की फेरी वाया जाते.

सामानात दोन गोष्टी जास्तीच्या घ्या: टाकून देता येईल असा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली. दोन्हींचं काम दुसऱ्या दिवशी पडतं.

पहिला दिवस : शेंडी ते रतनवाडी

कसाऱ्याहून किंवा इगतपुरीहून घोटी, तिथून बारीवरून शेंडी. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव. शेंडीहून रतनवाडीला जायला जलाशयाच्या दोन्ही अंगांनी रस्ते आहेत. मुतखेलकडून जाणारा जवळचा. उडदावणे, घाटघर, साम्रद असा फिरून येणारा लांबचा, पण कड्याच्या बाजूने जाणारा. वेळ हातात असेल तर लांबचा घ्यावा, कारण कारवी कुठे असते आणि कुठे नसते हे गाडीच्या खिडकीतूनच कळतं.

सपाटीवर भात, उंचवट्यावर नागली-वरई आणि मधूनच खुरासणीचे पिवळे पट्टे. तिथे कारवी नाही. उघड्या सड्यावर, जिथे खडकावर चार बोटं माती आणि वारा मोकाट, तिथेही नाही. जिथे शेत संपून उतार सुरू होतो आणि वरच्या कड्यातून निसटलेली माती-मुरूम साठत येते, तिथून ती दिसायला लागते. कड्याच्या पायथ्याचा हा उतार, दोन कड्यांमधले मातीचे पट्टे आणि ओढ्यांच्या घळी ही कारवीची खरी जागा. झाडं आहेत पण आभाळ पुरतं झाकलेलं नाही, माती आहे पण पाणी थांबत नाही, असा मेळ तिला लागतो. मोठ्या झाडांची सावली दाट झाली की ती विरळ होत जाते.

या टापूत गावांमध्ये अजूनही कुडाची घरं, निदान कुडाचे गोठे, पाहायला मिळतात. कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांची भिंत. सरळ, जून काठ्या पावसाळा संपल्यावर तोडतात, पानं झाडून एकीला एक लावून उभ्या करतात, मध्ये आडव्या काठ्या घालून वेलाने किंवा सुतळीने आवळतात आणि दोन्ही अंगांनी माती, शेण, भाताचा भुसा किंवा काड कालवून लिंपतात. लिंपण एकाच जाड थरात दिलं तर वाळताना तडकून पोपडे पडतात. पहिला हात नुसता फटी बुजवण्यापुरता, तो सुकला की दुसरा. पावसाच्या माऱ्याच्या बाजूचं लिंपण दरवर्षी दुरुस्त करावं लागतं. आतली काठी मात्र कोरडी राहिली तर टिकते. मांडवाला, घेवड्याचे वेल चढवायला, परसाच्या कुंपणालाही हीच काठी.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी पाहून घ्या. मुक्काम गावातच. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर नोंद करून गडावर किंवा रानात राहायचे सध्याचे नियम विचारून घ्यावेत. अभयारण्यातून फूल, काठी, बी काहीही न्यायला बंदी आहे. एक कणीस तोडलं तर काय बिघडलं, हा प्रश्न फुलोऱ्याच्या वर्षी हजारभर जणांना एकदमच पडतो.

दुसरा दिवस : रतनगड

सकाळी साडेसहाला निघावं. वाट प्रवरेच्या पात्राने जाते, ओढा दोन-तीनदा ओलांडावा लागतो. हस्ताची सर रात्री पडून गेली असेल तर दगड शेवाळलेले असतात, त्यामुळे काठी हातात हवी. हिरडा, जांभूळ, आंबा यांच्या रानात सुरुवातीला कारवी तुरळकच. मग वाट फुटते. एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे जातो, दुसरा गडाच्या शिड्यांकडे. शिड्यांच्या वाटेचा चढ जसा वाढतो तशी झाडी उघडते आणि दोन्ही बाजूंनी कारवी अंगावर येते.

झुडूप दोन ते चार मीटर उंच, काठ्या सरळ, पेराशी फुगीर. पानं समोरासमोर, वीतभर लांब, टोकदार, कडेला बारीक दाते, शिरा ठळक आणि हाताला खरखरीत. चुरगळून पाहा, नुसता हिरवा पालेदार वास येतो, औषधी किंवा मसाल्याचा नाही. एक गोष्ट पहिल्या नजरेत लक्षात येते. सगळं रान एका उंचीचं असतं, वरून कातरल्यासारखं. सगळी झुडपं एकाच पावसाची, एकाच वयाची असल्यामुळे हे होतं. कुठे उंचीची पायरी दिसली तर दोन वेगवेगळ्या वर्षांची रानं तिथे भेटलेली असतात. या पायऱ्या टिपून ठेवण्यासारख्या आहेत, पुढच्या फेरीचा हिशोब त्यांच्यावरच होतो.

फुलं पानांच्या बगलेतून निघालेल्या कणसांवर येतात. फूल साडेतीन-चार सेंटिमीटरचं, नळी पुढे फुगून घंटेसारखी उघडलेली, पाच पाकळ्या, आत लव. रंग जांभळा-निळा, क्वचित फिका किंवा पांढरा. हा रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याला धार्जिणा नाही. उन्हात तो एक तर भडक निळा येतो नाहीतर गुलाबी. ढग आल्यावर किंवा सकाळी आठच्या आत सावलीत काढलेल्या फोटोत तो खऱ्याच्या जवळ जातो. वाटेवर गळलेल्या फुलांचा सडा पडलेला असतो आणि ओल्या उतारावर तो केळीच्या सालीइतकाच घसरता असतो.

आता कणीस नीट पाहा. हिरव्या पुष्पपत्रांचे, म्हणजे फुलाच्या बुडाशी असणाऱ्या छोट्या पानांचे, खवले एकावर एक बसलेले, देवदाराच्या फळासारखे. या साऱ्या वंशाचं (जवळच्या जातींच्या गटाचं) शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस, ते ग्रीकमधल्या शंकू आणि फूल या दोन शब्दांवरून आलं. कारवीला कॅलोसा हे जातिनाम नीस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ साली दिलं. पुढे ब्रेमेकॅम्प या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये हा अवाढव्य वंश फोडताना तिच्यासाठी कार्विया असा वेगळा वंश केला, म्हणजे आपला मराठी शब्द थेट लॅटिनात बसवला. आज बहुतेक ठिकाणी ती पुन्हा स्ट्रोबिलँथसमध्येच गणतात, पण जुन्या पुस्तकांत कार्विया कॅलोसा सापडलं तर ती हीच. केरळ-तमिळनाडूची बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी तिची नातेवाईक.

कणसाच्या बुडाकडची फुलं आधी संपतात. तिथली पुष्पपत्रं लवदार आणि ओलसर दिसतात. बोट टेकवलं की चिकटतं आणि वास बोटावर येतो. राळेसारखा, जड, थोडा उग्र, नाकात बसणारा वास. काहींना तो आवडतो, काहींचं डोकं चढतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळी कणसं अशी झाली की रानातून गेलेल्या माणसाच्या कपड्यांवरून तो कुठून आला ते कळतं. चीक शर्टावर बसला की काळपट डाग पडतात आणि त्यावर धूळ, पाकळ्या, किडे सगळं जमतं. नुसत्या पाण्याने हात धुतला तर तो पसरतो. आधी खोबरेल चोळायचं, चीक सुटला की मग साबण. कॅमेऱ्याच्या काचेला हात लावण्याआधी हे करावं. कपड्यावरचा डाग मात्र पुरता जाईल अशी आशा धरू नये.

मधमाश्यांची कारवीवर झुंबड असते. आग्या, सातेरी, फुलोरी, लहानगी पोया, सगळ्या. रांगेतून चालताना त्या अंगावर येत नाहीत, त्यांना फुलांपलीकडे दुसरं काही दिसत नसतं. धोका पोळ्यापाशी. आग्याची पोळी कड्याच्या पोटाला लोंबतात आणि फुलोऱ्याच्या वर्षी ती जास्त असतात. कड्याखालून जाण्याआधी मान वर करून पाहावं. अत्तर, बॉडी स्प्रे, विडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि ओरडा, यांतलं काहीही नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून सरळ दूर पळायचं. नांगी खरवडून किंवा चिमटीत धरून, जशी जमेल तशी, पण लगेच काढायची, उशीर होईल तसं जास्त विष आत जातं.

कारवीच्या पानांवर अळ्याही शोधाव्यात. मिटलेले पंख हुबेहूब सुक्या पानासारखे दिसणारं, उघडल्यावर निळं झळकणारं एक फुलपाखरू अंडी याच वंशातल्या झुडपांवर घालतं. खालच्या पाचोळ्यात ते बसलं की समोर असून सापडत नाही.

गडावर शिड्या, गणेश आणि हनुमान दरवाजे, गुहा, माथ्याजवळचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. उंची १,२९७ मीटर. वरच्या उघड्या माथ्यावर कारवी विरळ होते आणि गवतफुलं सुरू होतात. नेढ्यात बसून खाली पाहिलं की कारवीचे पट्टे कड्यांच्या घड्यांत नेमके कुठे बसलेत ते नकाशासारखं दिसतं. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग लागते. तासभर त्यात जातो हे धरूनच उतरायची वेळ ठरवावी. मुक्कामाला परत रतनवाडी.

तिसरा दिवस : कात्राबाईची खिंड, कुमशेत

साऱ्या वाटेतला हा सर्वांत उपयोगी दिवस, आणि सर्वांत कमी लोक इकडे येतात. सहा-सात तासांची चाल. कालच्या फाट्यावरून यावेळी खिंडीकडे वळायचं. वाट जंगलातून चढते, ढोरवाटा फुटतात, त्यामुळे गावातला वाटाड्या घ्यावाच.

खिंडीच्या चढावर कारवी आहे, पण राखाडी. हे गेल्या वर्षी फुललेलं रान. कारवी आयुष्यात एकदाच फुलते आणि बी धरून मरते. काठ्या जागच्या जागी उभ्या राहतात, त्यांवर गेल्या सालची सुकी कणसं. चीक वाळून गेलेला, वास अगदी पुसट, कणीस चोळलं तर जेमतेम लागतो. बोंडं उघडी पडलेली असतात. एखादं हातात धरून पाहा. दोन होड्या एकमेकींपासून फाकल्यासारखी दोन शकलं आणि आत बारीक कठीण आकडे. बी या आकड्यांवर टेकलेलं असतं. जूनच्या पहिल्या ओलीने बोंड ताणलं जाऊन फटकन तडकतं आणि आकडे बी दूर फेकतात. एकाच डोंगरावर लाखो बोंडं एका आठवड्यात तडकतात, तेव्हा रानभर तडतड ऐकू येते. लाह्या फुटल्यासारखी, पण कोरड्या लाकडाची.

आता मेलेल्या काठ्यांच्या खाली वाकून बघा. गवत समजून ज्यावर पाय पडत होता ते गवत नाही. वीतभराच्या आतली, समोरासमोर पानांची, दाटीने उगवलेली कारवीची रोपं आहेत ती, एका पावसाळ्याची. चौरस फुटात कितीतरी. यांतली फार थोडी सातव्या वर्षापर्यंत जातात. दाटीत एकमेकांनाच मारतात, काही गुरं-जनावरं तुडवतात, काही वणव्यात जातात. वाट सोडून फोटोसाठी आत शिरलं तर पावलागणिक पाच-दहा जातात. फुलोऱ्याच्या वर्षी लोक काठी तोडत नाहीत ना यावर सगळ्यांचं लक्ष असतं, पण रानाला पुढच्या वर्षी जास्त जपावं लागतं आणि तेव्हा तिकडे कुणी बघतही नाही.

सगळ्यांनी एकदमच का फुलायचं, याचं सर्वसाधारण मानलं जाणारं कारण साधं आहे. उंदीर, पक्षी, किडे यांना बी आवडतं. दरवर्षी थोडं थोडं बी पडलं तर ते सगळंच खाल्लं जाईल. सात वर्षं काहीच नाही आणि आठव्याला डोंगरभर, असं झालं की खाणाऱ्यांचं पोट भरून उरतं. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली तर कारवीची कमजोरी कळते. बी पडण्याआधी, म्हणजे फुलोरा ते पुढचा जून या आठ-नऊ महिन्यांत, एखादा उतार जळाला किंवा साफ तोडला गेला, तर तिथे पुढच्या पिढीला बी उरत नाही. जिवंत मुळांतून फुटायचीही सोय नाही, झुडूप मरणारच असतं. फेब्रुवारी ते मे या महिन्यांतला वणवा म्हणूनच फुलोऱ्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सर्वांत वाईट. मेलेल्या काठ्या, सुकं गवत, वाळलेला चीक, ठिणगीला सगळं आयतंच.

चालणाऱ्यांसाठी इथे एक खरा धोका आहे. सह्याद्रीत चढताना कारवीला धरायची सवय सगळ्यांच्या हाताला असते. जिवंत काठी वाकते, मुळं घट्ट असतात, माणसाचा तोल सावरते. मेलेली काठी पेरातून काडकन मोडते, किंवा मुळासकट हातात येते. पावसाळ्यात दोन्ही ओळखणं सोपं, पानं असली की जिवंत. पण डिसेंबर ते मे जिवंत कारवीही पानं गाळून मेल्यासारखीच उभी असते. तेव्हा नखाने साल खरवडायची. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं असलं तर हात काढून घ्यायचा. काठीच्या टोकाला जुन्या कणसांचे सांगाडे असतील तर खरवडायचीही गरज नाही. जिवंत काठीही धरायची तर बुडाशी, मातीजवळ, आणि एकावर एका माणसाचाच भार. दोरी बांधायला कारवी कधीही वापरू नये, मग ती कितीही जाड दिसो.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं. पलीकडे उतरताना आजोबाचा डोंगर समोर येतो आणि मुळा नदीचं खोरं उघडतं. या बाजूला तिसऱ्याच वयाचं रान लागतं, कमरेपेक्षा थोडं उंच, हिरवंगार, एकही कणीस नाही. तीन वर्षांचं की पाच, हे नुसतं पाहून छातीठोक सांगणारा भेटला तर हसून सोडून द्यावं. माती आणि सावलीप्रमाणे उंची बदलते. गावातल्या माणसाला विचारलेलं वर्षच खरं.

कुमशेतला मुक्काम.

चौथा दिवस : पाचनई आणि गडाचं रान

कुमशेत ते पाचनई तीन-चार तास, बराचसा खोऱ्यातला उतार-चढ, आता रस्ताही झाला आहे. घाई असेल तर हा टप्पा गाडीने उरकावा, कारवीच्या दृष्टीने त्यात विशेष नाही.

पाचनईत मध विचारणारे शहरी लोक फुलोऱ्याच्या वर्षी बरेच येतात, म्हणून थोडं त्याविषयी. कारवीचा मध दाट आणि गडद रंगाचा असतो. तो दरवर्षी होत नाही, निदान एकाच डोंगरावर तरी नाही. त्यामुळे एकाच रानातला कारवीचा मध सालोसाल विकणाऱ्याकडे शंकेने पाहावं. निरनिराळ्या भागांतून गोळा करणाऱ्याकडे तो लागोपाठ दोन वर्षं असू शकतो, तेव्हा कुठल्या रानातला हे विचारावं. दुसरी अडचण ओलाव्याची. सप्टेंबरातल्या दमट हवेत माश्यांनी मेणाने बंद न केलेली घरं पिळून काढली तर मधात पाणी जास्त राहतं. वीस टक्क्यांच्या वर पाणी गेलं की मध आंबतो, बाटली उघडताना फस्स होतो, वर फेस येतो. पोळं हाताने पिळलेलं असेल तर अळ्यांचा रसही त्यात उतरतो आणि आंबणं आणखी लवकर होतं. पोळं कापताना फक्त मधाचा, मेणाने बंद झालेला भाग घेतला आणि अळ्यांचा भाग माश्यांना राहू दिला, तर मध टिकतो आणि वसाहतही. घेताना बाटली उलटी करून बघा. बुडबुडा सावकाश चढला तर दाट, झर्रकन वर आला तर पाणी जास्त. भेसळ यावरून कळत नाही, ओलावा तेवढा कळतो.

पाचनईहून गडावर अडीच-तीन तास. वाट कड्याच्या पोटाखालून आडवी जाते, पावसाळ्यात वरून पाण्याच्या धारा पडत असतात. पुढे ओढ्याच्या काठाने गर्द रान. इथली झुडपं शिकण्यासारखी आहेत, कारण कारवी म्हणून दाखवली जाणारी निम्मी झुडपं कारवी नसतात.

पांगळी ओळखायला नाक पुरेसं आहे. पान चुरगळलं की लगेच तीव्र, मसालेदार वास. ती तुळशीच्या घराण्यातली, पॅचुली अत्तर ज्या झुडपापासून निघतं त्याची सख्खी. तिचे तुरे हिवाळ्यात येतात. कारवीचं पान चुरगळून असा वास येत नाही, इथेच फरक कळतो.

व्हायटी मात्र कारवीची बहीण, त्याच वंशातली. झुडूप लहान, पुरुषभर किंवा त्याहून कमी, आणि कारवीपेक्षा जास्त सावली सोसणारं. तिचं जातिनाम इक्सिओसेफाला, म्हणजे चिकट डोक्याची, आणि ते तंतोतंत लागू आहे. हिवाळ्यात तिला पांढरट-जांभळट फुलांचे गेंद येतात आणि ते गेंद वासाचे व चिकाचे इतके असतात की कारवी त्यापुढे सौम्य वाटावी. महाबळेश्वरच्या बाजूला व्हायटीचा मध वेगळा ओळखला जातो. सप्टेंबरात तिच्यावर फूल नसतं. तेव्हा उंची, सावली आणि बारीक अंग यांवरूनच ठरवावं लागतं, आणि खात्री नसेल तर वहीत प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावं.

तिसरी टोपली कारवी. ती उघड्या सड्यावर, गुडघा-मांडीइतकी, उलटी टोपली ठेवल्यासारखी गोल. कासच्या पठारावर गाजलेली ती हीच. कड्याच्या उतारावर दोन पुरुष उंच वाढलेली काठीची कारवी आणि ती एकच समजून तिच्या फुलोऱ्याचं वर्ष इकडे लावणं ही नेहमीची चूक.

या रानात करवंद, कुडा, उक्षी, धायटीही आहेत. करवंदाच्या फुलांचा वास गोड, पण तो उन्हाळ्याच्या तोंडाचा. कुड्याची पांढरी फुलंही त्याच सुमाराची. हस्तात इथे नाकाला जे जाणवतं ते ओल्या मातीचं, कुजत्या पाल्याचं आणि मधून वाऱ्यावर आलेलं कारवीच्या चिकाचं. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ पोचेपर्यंत दुपार टळते. राहण्याचं नाक्यावर जे ठरलं असेल त्याप्रमाणे, एरवी पाचनईत उतरावं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चढावं.

पाचवा दिवस : कोकणकडा, तोलार खिंड, खिरेश्वर

पहाटे कोकणकडा. इथे कारवी पाहायची ती कड्याच्या काठापासून मागे, जिथे वाऱ्याचा मार मोडतो. काठावर उभी असलेली झुडपं बुटकी आणि एका बाजूला कललेली, तर पन्नास पावलं आत खळग्यातली दुप्पट उंच. एकाच वयाची झुडपं एका उंचीची असतात या दुसऱ्या दिवशीच्या नियमाला हा अपवाद लक्षात ठेवावा. वारा आणि मातीची खोली एकदम बदलते तिथे वय एक असूनही पायरी पडते. पायरी वाऱ्याच्या रोखाने असेल तर वाऱ्याची, ओढा किंवा वाट यांच्या रेषेने कापल्यासारखी असेल तर बहुधा वयाची.

काठाजवळच्या कारवीत शिरू नये. झुडपं कड्याच्या तोंडापर्यंत गेलेली असतात आणि पानांच्या आड जमीन संपलेली कळत नाही.

तोलार खिंडीकडे उतरायला सकाळी नऊच्या आत निघावं. चार-पाच तास लागतात, मधला कातळटप्पा ओला असेल तर जास्त. रेलिंग आहे तिथे रेलिंगच धरावं, शेजारची कारवी नाही. खिरेश्वराला नागेश्वराचं देऊळ, पुढे पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने खुबी फाटा. तिथे माळशेज घाटाच्या रस्त्यावर कल्याणकडे आणि जुन्नरकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात.

घरी पोचल्यावर वहीत प्रत्येक रानासमोर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: जागा, या वर्षीची अवस्था, गावात सांगितलेलं मागच्या फुलोऱ्याचं वर्ष आणि त्यात आठ मिळवून येणारं वर्ष. रतनगडाच्या चढावर या वर्षी फुललेली कारवी पुन्हा पाहायची असेल तर ती आता आठ वर्षांनी नाही, आठ महिन्यांनी. मेच्या शेवटी वळवाची एखादी सर पडली तर थोडी बोंडं तडकतात, खरी तडतड मात्र मृगाच्या पहिल्या सलग पावसाला. आवाज ऐकायचा तर वारा पडलेला हवा. उताराखाली, रानाच्या कडेला, वाटेवरच बसावं आणि डोळ्यांना चष्मा असू द्यावा, कारण बी तोंडावर येतं.